अनुसयाच्या ताटातला रस्सा

"आई, तो डबा खाली ठेव," तेजस दारातूनच ओरडला.

अनुसया ओट्यापाशी उभी होती. एका हातात त्याच्या प्रोटीन पावडरचा डबा, दुसऱ्या हातात चमचा. स्वतःच्याच स्वयंपाकघरात ती चोरासारखी दचकली, आणि त्या दचकण्याचाच तिला आधी राग आला.

"एक चमचा घेत व्हते. आमच्या जिमचे सर म्हणले, प्रोटीन कमी पडतंय."

"अगं, ते सिरियस वर्कआउट करणाऱ्यांसाठी असतं. तुझं काय, टाइमपास!"

बाहेरच्या खोलीत वैजनाथ मोबाइल बघत लोळत पडला होता. तो तिथूनच हसला. "आता हिला दंड दाखवीत फिरायचंय वाघोलीत."

बापलेक दोघंही मनापासून हसले. लेकाने डबा तिच्या हातातून घेतला आणि कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवला, जिथं तिचा हात पोचत नसे.

टाइमपास! अनुसया खराडीतल्या एका खासगी दवाखान्यात मावशी होती. पेशंटला कुशीवर वळवायचं, काखेखाली धरून उठवायचं, खुर्चीत बसवायचं, हे तिचं रोजचं काम. पावसाळ्यात एका भारदस्त आजोबांना उठवताना तिच्या हातांतलं बळच गेलं. नशिबाने आजोबा पलंगावरच टेकले, पण सिस्टरनी पाहिलं. "मावशी, पुन्हा असं झालं तर मला तुम्हाला वॉर्डात ठेवता येणार नाही," असं त्यांनी सरळ सांगितलं. मावशीला वॉर्डाबाहेर दुसरं काय काम असणार? घरीच बसायचं. म्हणून तिथल्याच फिजिओथेरपिस्टच्या सांगण्यावरून ती जिममधल्या बायकांच्या बॅचला जायला लागली. पंजाबी ड्रेसवर तेजसचे जुने बूट घालून ती वजनं उचलायची. एक दिवस चुकवत नव्हती. तरी पाय लटपटायचे आणि हातांना काही जोर येत नव्हता. "काकू, मेहनत करताय, पण अंगी लागत नाहीये. पावडर सुरू करा," जिमचा शुभंकर सर म्हणाला होता.

दुसऱ्या दिवशी कामावरून सुटल्यावर ती दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ राजनंदिनी मॅडमच्या खोलीत शिरली. खुर्चीवर बसलीही नाही.

"मॅडम, पावडर घेऊ का नको, एवढंच सांगा. मला घरात लई ऐकून घ्यावं लागलंय."

"बसा तरी. आधी मला सांगा, तुम्ही दिवसभर खाता काय?"

या प्रश्नावर अनुसया खुलली. खाण्यापिण्याच्या बाबतीत तिचं घर कुणापुढं मान खाली घालणारं नव्हतं. "सकाळी अंडी असत्यात. दूध असतंय. डाळ रोज. रविवारी मटन, कधी चुकायचं न्हाई. कमी कशाचीच न्हाई बघा."

मॅडम गोंधळल्या. "मग प्रोटीन कमी पडायला नको. अंडी किती खाता तुम्ही?"

"मी?" अनुसया थांबली. "अंडी तेजसची. जिमला जातो ना तो."

"बरं, दूध?"

"त्येच्या पावडरीत जातं. उरलेलं ह्यांच्या चहाला."

"आणि मटण?"

"मला रस्सा आवडतो," अनुसया म्हणाली, आणि म्हटल्यावर तिला वर बघवेना.

काय खातेस असं विचारलं तर ती घरात काय शिजतं ते सांगत होती. आणि त्यात काही चुकलं असं तिला आजवर कधी वाटलंही नव्हतं!

मॅडम हसल्या नाहीत. "पावडर म्हणजे काही विष नाही मावशी. जेवणातून भागत नसेल, तर तपासण्या करून घेता येते. पण तुमच्याकडे सगळं शिजतंय. आधी महिनाभर ते तुम्ही स्वतः खा. मग ठरवू."

घरी जाताना बसमध्ये तिचं डोकं नुसतं भणभणत होतं. वैजनाथचा राग आला, तेजसचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा आला. तिची आईसुद्धा हेच म्हणायची, मला रस्साच आवडतो गं. आणि अनुसयाने ते खरं मानलं होतं. आईच्या वाटणीचे तुकडे खाताना तिला एकदाही शंका आली नव्हती. आता विचारायला आई राहिली नव्हती.

रविवारी तिने मटण केलं. नळी वैजनाथच्या ताटात आणि कलेजी तेजसच्या, ही त्या घरातली रीत. कुणी ठरवलेली नव्हती, पण मोडलेलीही नव्हती. आज अनुसयाने पहिलं ताट स्वतःचं वाढलं, भाकरी चुरली आणि दोघांच्या समोर मांडी घालून बसली.

वैजनाथने पातेल्यात पळी फिरवली. "नळी कुठंय गं?"

"माझ्या ताटात."

"आन् कलेजी?" तेजसने विचारलं.

"ती बी."

"आई, ड्रामा नको ना. एवढंच असेल तर तुला वेगळा डबा आणतो. लेडीजवाला पण मिळतो."

"नगं मला तुझा डबा!" तिचा आवाज असा चढला की वैजनाथची पळी पातेल्यावर आपटली. "माझं प्रोटीन इतकी वर्षं तुम्ही दोघं खाताय. मला ते पायजे. तिकडं माणूस हातातून सुटंल म्हणून माझा जीव जातो, आन् तुम्ही मला बघून दात काढताय!"

"तूच म्हणायचीस, रस्सा आवडतो," वैजनाथ पुटपुटला.

"खोटं बोलत व्हते. एकदा तरी इचारलं का, खरं का म्हणून?"

तेजसने खाली बघत उरलेलं बापाला आणि स्वतःला वाढून घेतलं.

अनुसयाने तुकडा तोंडात घातला. उजवीकडे सरकवला, कारण डावीकडच्या दाढा तेजसच्या बाळंतपणानंतर एकेक करून गेल्या होत्या आणि हे घरात कुणाला माहीत नव्हतं. रश्श्यात भाकरी कुस्करून खायला दाढा लागत नाहीत. आता लागत होत्या. ती एकाच बाजूने, कपाळाला आठ्या घालून, सावकाश चावत राहिली. बापलेकांची ताटं कधीच रिकामी झाली. ते हात सुकवत बसले, पण तिचं होईपर्यंत उठायची हिंमत दोघांनाही झाली नाही. तिनेही अजिबात घाई केली नाही.