आधी कोरडं बसून बघा

बाथरूमच्या दाराबाहेर फिटर कान देऊन उभा होता. आत बायकोनं टबाचं बूच काढलं. पाणी पाइपात शिरलं, जरा गुरगुरलं आणि संपलं. पुरतं एक मिनिटसुद्धा झालं नव्हतं.

भरलेला टब रिकामा व्हायला सात मिनिटं लागतात. चौतीस वर्षं लोकांच्या घरी टब बसवलेल्या माणसाला पाण्याच्या बाबतीत कोण फसवणार? पण ही बाई गेले चार दिवस रोज अर्धा तास आत काढत होती आणि केस पुसत बाहेर येऊन म्हणत होती, "काय सुख आहे हो!"

आजही तेच म्हणाली.

"पाणी फार लवकर जातं गं," फिटर म्हणाला.

"तुम्हीच बसवलंय. जाणारच लवकर," ती म्हणाली आणि चहा टाकायला गेली.

फिटर आत शिरला. टबाशेजारी प्लास्टिकचं स्टूल होतं, त्यावर मग उपडा घातलेला. टबाच्या आतल्या बाजूला वीतभर उंचीपर्यंत पाण्याची खूण होती, त्यावर सगळं कोरडं ठणठणीत. बाहेरची फरशी मात्र चिंब ओली. म्हणजे बाई टबात थोडं पाणी सोडून, बाहेर स्टुलावर बसून, मगानं अंगावर घेत होती.

सगळा गाव त्याला ओळखायचा तो त्याच्या एका अटीवरून. गिऱ्हाइकानं टब पसंत केला की तो म्हणे, आधी कोरडं बसून बघा. ज्या दुकानाचे टब तो बसवायचा तिथंच, चपला काढून, अंगावरच्या कपड्यांनिशी. आणि मग कशाला न धरता उठून दाखवा. लोक लाजायचे, हसायचे. एका गलेलठ्ठ वकिलानं अट धुडकावली होती. पहिल्याच अंघोळीला त्याला बाहेर काढायला शेजारचे दोघे बोलवावे लागले. तेव्हापासून दुकानदारसुद्धा म्हणायचा, वस्ताद सांगतात तसं करा.

पण लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. लग्न झालं तेव्हा दोघांची एक खोली होती आणि नळ तीन मजले खाली. ती दोन हातांत दोन बादल्या घेऊन धाडधाड वर यायची आणि धापा टाकत म्हणायची, "एकदा गळ्यापर्यंत पाण्यात बसायचंय मला. एकदाच!" तो म्हणायचा, बसवतो. मग जगभरच्या घरांत टब बसवत राहिला आणि घरचं राहून गेलं. आता काम सोडल्यावर त्यानं तिला चार दिवस लेकीकडे धाडलं आणि दुकानातला सगळ्यात खोल, उंच काठाचा, पांढराशुभ्र टब आणला. दार मोजलं, जिन्याचं वळण मोजलं, फरशीचा उतार तीनदा तपासला. लेक फोनवर म्हणाली होती, "बाबा, आईला दाखवलात का?" तर हा म्हणे, गंमत करायचीय. बायको त्याच्या डोळ्यांपुढे होती ती दोन बादल्यांवाली.

चहाचा कप हातात घेऊन तो म्हणाला, "गुडघा ना?"

तिनं उगाच ओटा पुसला. "काठावरून पाय जात नाही. पहिल्या दिवशी केला प्रयत्न. एक पाय आत आणि एक बाहेर, अशी लटकले होते बराच वेळ."

"मग हाक मारायची!"

"आणि काय सांगायचं? पाठ मोडून बसवलात तुम्ही तो. रोज बाहेर आले की 'कसं वाटलं' विचारता, तेव्हा स्वतःचं तोंड बघितलंय कधी? शाळेतून बक्षीस घेऊन आल्यासारखं असतं."

फिटरनं कप खाली ठेवला. "चुकलं माझं," तो म्हणाला. इतक्या वर्षांच्या संसारात हे शब्द त्याच्या तोंडून क्वचितच निघाले होते, म्हणून ती चटकन म्हणाली, "बरं, बरं. आता रडू नका. चला दुकानात."

दुकानदार चाटच पडला. "वस्ताद, तुमच्याच घरी?"

"बोलू नकोस," फिटर म्हणाला. "हिला बसू दे."

तिनं चपला काढल्या आणि एकेका टबात बसून पाहिलं. येणारेजाणारे बघत होते. तिनं कुणाची पर्वा केली नाही. शेवटी ती कोपऱ्यातल्या बुटक्या, पिवळट टबाकडे वळली. फिटर त्याला कायम घमेलं म्हणायचा. काठ जेमतेम गुडघ्याखाली आणि चांगला रुंद. ती काठावर टेकली, पाय एकामागून एक आत घेतले, बसली आणि कशाला न धरता उठली.

"हा," ती म्हणाली.

"अगं, यात पाणी कमरेपर्यंत येईल फार तर."

"येऊ दे."

"तुला गळ्यापर्यंत हवं होतं."

"तेव्हा हवं होतं," ती म्हणाली आणि चपला घालू लागली.

उंच टब लेकीकडे गेला. नातवंडांनी त्यात पहिल्याच दिवशी दंगा घातला. फिटरनं घमेलं बसवायला दोन दिवस घेतले. भिंतीत एक दांडाही ठोकला आणि त्याला स्वतः लोंबकळून पाहिलं.

तिसऱ्या दिवशी तो पुन्हा दाराबाहेर उभा होता. आत नळ बराच वेळ वाहिला, मग बंद झाला. पाणी एकदा डुचमळलं. नंतर काहीच आवाज नाही. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली.

"अगं?" त्यानं हळूच विचारलं.

"आडवं झालं की येतं हो."

"काय येतं?"

"गळ्यापर्यंत."

फिटर तिथंच, दाराला पाठ लावून जमिनीवर बसला.

"आणि तिथं उभे राहू नका," आतून आवाज आला. "मी काही इतक्यात बूच काढत नाही."

"मी कुठं उभा आहे?" तो म्हणाला आणि त्यानं पाय लांब केले.