भागाबाईचा थांबा

विहीर

"वाका आणि बघा," रत्ना म्हणाली, तसे सगळे वाकले.

बघायला काही नव्हतं. विहीर केव्हाच बुजलेली, वर लोखंडी जाळी, जाळीवर एक शेळी बसलेली. पण सांगणारी रत्ना होती.

"शेताच्या बांधावरून दोघा भावांचं वाजलं. धाकट्याने थोरल्याला यात ढकललं आणि वरून दगड टाकले. पहिला दगड लागला तेव्हा थोरला शिव्या देत होता. शेवटच्या दगडापर्यंत देत होता. मग दगडांचाच आवाज."

जुन्या धुळ्यातला तिचा रविवारचा फेरफटका हा असा. कोरीव खांब, दगडी ओटे, जुने झरोके हेही ती दाखवायची, लोक माना डोलवायचे आणि मोबाईल बघायचे. खून आला की मोबाईल खिशात जायचे.

"ताई," जळगावहून आलेला पुनीत म्हणाला, "तुमच्या गावात म्हातारं होऊन कुणी मेलंच नाही का?"

"मेले ना. त्यांच्या घरासमोर कोण थांबतं?"

त्याची बायको चेलना खळखळून हसली. रत्नाही हसली. पण आज ती जिथे कधीच थांबत नव्हती तिथे थांबणार होती. स्वतःच्या माहेरासमोर.

रंगाऱ्याचा ओटा

"इथे निळीची कढई उकळत असायची. नवरा रोज मारायचा. एक दिवस बायकोने त्याचं डोकं धरलं आणि कढईत दाबलं. सुटला तेव्हा चेहरा निळा होता. कातडी कढईत."

"बाप रे. खरं आहे हे?" चेलनाने विचारलं.

"गल्लीत सगळे असंच सांगतात."

हे बोलताना तिची जीभ अडखळली. कारण एका मरणाबद्दल गल्लीत सगळे असं काही सांगत नव्हते. ते म्हणायचे, भागाबाई माडीच्या जिन्यावरून पडली.

न दाखवलेलं घर

आता जरा मागे जाऊ.

भागाबाई रत्नाची फुई, म्हणजे बापाची सख्खी बहीण. नवऱ्याने टाकलेली, भावाकडे राहिलेली. श्रावणातल्या रविवारी खानदेशात घरोघर कानबाई ही देवी बसते, तिच्या प्रसादाचे रोट, म्हणजे जाड पोळ्या, होतात. रोट फक्त भाऊबंदांनी खायचा. बाहेरच्याला कण द्यायचा नाही, कण टाकायचाही नाही, सगळा संपवायचा. आणि लग्न झालेली लेक म्हणजे बाहेरची, परत आली तरी बाहेरची. अशाच एका रविवारी एक रोट कमी भरला. भागाबाई चुलीपाशी बसली होती. गिरधरने, रत्नाच्या बापाने, काही विचारलं नाही.

रत्ना तेव्हा आईच्या कडेवर होती. तिला हे सांगितलं शेजारच्या एका म्हातारीने, मरायला टेकल्यावर, कानात.

आता रत्नाही दोंडाईच्याहून नवऱ्याला सोडून आलेली. भाऊ नवल याने उंबऱ्यावरच सांगितलं होतं: खोली भाड्याने घे, रोटाला येऊ नकोस, आणि घराबद्दल लोकांपुढे एक शब्द काढलास तर जीभ हासडीन.

आणि आज कानबाईचा रविवार होता.

थांबा

नवल स्टुलावर उभा राहून हातोडीने दाराला तोरण ठोकत होता. माणसांचा घोळका घेऊन येणारी बहीण त्याला दिसली. दातातला खिळा त्याने हातात घेतला.

"रत्ना, आठे थांबू नको. पुढे चाल."

"इथे थांबूया," रत्ना लोकांना म्हणाली.

"घरमा कानबाई बसेल शे. तमाशा नको."

"तमाशा नाही, भाऊ. माहिती देतेय." ती घराकडे पाठ करून उभी राहिली, कारण घराकडे बघून बोलता आलं नसतं. "या घरात भागाबाई नावाची बाई राहायची. ती जिन्यावरून पडली असं सांगतात. ती पडली नाही. तिच्या भावाने मुसळ उचललं आणि तिच्या

नवलची हातोडी रत्नाच्या खांद्यावर बसली. हाड मोडल्याचा आवाज पुनीतलाही ऐकू आला.

डोक्यात घातलं. ती ओट्यापर्यंत रांगत आली. त्याने तिला केसांना धरून आत

दुसरा घाव तोंडावर आला, हातोडीचा नाही, मुठीचा. रत्ना गुडघ्यांवर पडली. तुटलेला दात जिभेला लागला, तो तिने दगडावर थुंकला.

ओढलं. एका रोटासाठी."

"अहो धरा त्याला!" चेलना किंचाळली. पुनीतने मागून मिठी घातली, नवलने कोपर मारून त्याचं नाक फोडलं. बाकीचे भिंतीला चिकटले. एकाचा मोबाईल वर होता.

नवलने पुन्हा हातोडी उचलली. रत्नाने डोकं झाकलं नाही. दारात आलेल्या म्हातारीकडे ती बघत होती.

"आई, सांग यांना. तू होतीस तिथे."

झुंबरबाई उंबरा ओलांडून ओट्यावर आली. हातोडीखाली, लेकीच्या आणि लेकाच्या मधोमध उभी राहिली. नवलने तिला बाजूला ढकललं तशी ती खांबावर आदळली, कपाळ फुटलं. मग मात्र त्याचा हात थांबला.

"आई, घरमा चाल."

म्हातारीने कपाळाचं रक्त पदराने टिपलं आणि त्या अनोळखी माणसांकडे बघितलं. बोलली ती त्यांच्याशीच.

"मुसळ नव्हतं. वरवंटा व्हता."

तिने पदर पुन्हा कपाळाला लावला.

"आनि रोट तिनी खादाच नही. मांजर लई गयथी. दुसरा दिन कोठीखाले पडेल व्हता, आख्खा."

"मग?" रत्नाने विचारलं. ओठ फाटल्यामुळे तो शब्दही नीट फुटला नाही.

"मग काय. रोट टाकता येत नही. तुना बापनी धूळ झटकी आनि बठ्ठासले, आख्खा घरले, वाटी दिधा." तिने नवलकडे पाहिलं, मग खाली बसलेल्या रत्नाकडे. "तुम्हले दोन्हीसले दूधमा कुस्करीसन चारी दिधा."

नवल मागे सरकला, उंबऱ्याच्या आत गेला आणि दार लावून घेतलं. आतून अडसर पडला. तोरण एका खिळ्यावर लोंबत राहिलं, आणि म्हातारी बाहेरच.