आतली कडी

भामाबाईनं उंबऱ्यापाशी चपला काढल्या, पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि वाकून उंबऱ्याला लावलेला हात कपाळाला लावला. मग मान तेवढी आत घालून पांढऱ्याशुभ्र फरश्या बघितल्या, जाळीतून भिंतीवर पडलेलं ऊन बघितलं, कोपऱ्यातलं पाण्याचं पिंप बघितलं. "अगं बया बया!" म्हणाली आणि आल्या पावली परत गेली.

पंचशीलानं वही मिटली. सकाळपासूनची ही नववी. नऊ जणी आल्या, नऊ जणींनी दर्शन घेतलं आणि एकही आत गेली नाही.

आता हे काही देऊळ नव्हतं. कागदावर त्याचं नाव 'महिला स्वच्छतागृह' असं होतं आणि बाजारातली माणसं त्याला सरळ बायकांची मुतारी म्हणत. दोन खोल्या होत्या. एकीला दार होतं, दुसरीचं दार अजून सुताराकडे होतं. तरी कुणीतरी चौकटीला हळदीकुंकू लावून गेलं होतं, आणि आज तर उंबऱ्यावर झेंडूची दोन फुलंही दिसत होती. पंचशीलाला हसू येत होतं आणि त्याच वेळी रडूही.

लातूर जिल्हा होऊन दोन वर्षं होत आली होती. कलेक्टर आले, लाल दिव्याची गाडी आली, दुकानांच्या पाट्या नव्यानं रंगल्या. पावसानं मात्र नव्या जिल्ह्याची काही भीड ठेवली नाही. सलग दुसऱ्या वर्षी त्यानं पाठ फिरवली होती, आणि नळाला चार दिवसांआड पाणी आलं तरी माणसं देवाचे आभार मानत होती. शहराच्या मधल्या बाजारपेठेला, गंजगोलाईला, सोळा रस्ते येऊन मिळतात. त्या सोळा रस्त्यांनी बाजाराला येणाऱ्या बायकांना बसायला जागा होती, ओरडायला जागा होती, भांडायला तर भरपूर होती. आडोसा मात्र कुठंच नव्हता.

पंचशीला पालिकेच्या आरोग्य विभागात कारकून होती. घराण्यातली पहिली सरकारी नोकरी, वय चोवीस, आणि जीभ जरा तिखट. या खोल्यांसाठी ती वर्षभर अर्ज घेऊन फिरली होती. पुरुषमंडळी टेबलाखाली तोंड घालून हसायची. मंजुरी आली तेव्हा साधं सिमेंट पुरे म्हणत होते, तर ही हटून बसली. कलेक्टर कचेरीत लावल्यात तशाच पांढऱ्या फरश्या हव्यात. बाजारातल्या बाईला कमी प्रतीचं का म्हणून? अखेर फरश्या लागल्या. आता बाया त्या फरश्यांना भिऊन पाया पडत होत्या. चूक कुणाची म्हणायची तर तिचीच होती.

मोठे साहेब तसे वाईट नव्हते. त्यांनी पंधरा दिवस वाट बघितली आणि काल सरळ सांगितलं.

"सुरवसेबाई, उद्या बाजार आहे. संध्याकाळी मी स्वतः येतो. वापरणाऱ्यांच्या नावांची वही कोरीच असेल तर टंचाईच्या कामाचे पाइप ठेवायला मला जागा पाहिजेच आहे."

पंचशीलानं वही काखेत मारली आणि ती भाजीवाल्यांच्या रांगेकडं निघाली.

भामाबाई टाकळीहून पहिल्या एसटीनं यायची. मेथी, चुका, शेपू, कोथिंबीर. तिच्या उजव्या हाताला बांगड्यांची पेटी मांडून जन्नतबी बसायची. या दोघींची शेजारशेजारची जागा बावीस वर्षांची होती. भामाबाईच्या पुढ्यात पत्र्याचा डबा होता. त्यातलं पाणी ओंजळीत घेऊन ती दर थोड्या वेळानं पाल्यावर शिंपडत होती. पाला टवटवीत होता. तिचे ओठ मात्र सुकून पांढरे पडले होते.

पंचशीला तिच्या पोत्याच्या कडेला टेकली.

"मावशी, आत का नाही गेलात?"

"आत?" भामाबाईनं डोळे मोठे केले. "अवो बाई, तसलं चकचकीत. आमच्या घरात देव्हाऱ्याला बी तसली फरशी न्हाई. तिथं जाऊन घान करायची? पाप लागंल."

"घाण करायलाच बांधलंय ते."

"अन् पानी?" भामाबाईचा आवाज चढला. "पिपभर पानी हाय तिथं. गावात घागरीसाठी बाया झिंज्या उपटून राहिल्या, अन् आमी ते पानी मोरीत वतायचं व्हय? सायबाच्या बायकांसाठी आसंल ते. तुमी आमाला फसवू नका."

"साहेबाच्या बायका भाजी विकायला बसतात का इथं?"

जन्नतबी पेटीवर हात आपटून हसली. "बोलती तो सही हय गे पोट्टी." मग एकदम हसू आवरून ती म्हणाली, "उसको बोल जरा. मेरा नई सुनती. सरकारी दवाखान्यात गेली होती ही, बुधवारी."

"जन्नत, गप बस."

"कायकू गप? डाक्टरबाई बोलली, दिवसाला दोन तांबे पानी पी, नई तो गुर्दे जाते. पीत नव्हती ना ही! बावीस साल! पहाटे एक घोट, मग दिवेलागणीला घरी जाऊन. मी काय येगळी हाय? मेरा बी वोच हाल. पण मेरे कू अजून दुखत नाय."

भामाबाई कोथिंबिरीच्या जुड्या उगीचच इकडच्या तिकडं करत होती.

"आज शेवटचा बाजार माजा," ती म्हणाली. "हितं बसून पानी प्यायचं तर जायचं कुटं? आन् न पिता बसावं तर मरायचं. ल्योक म्हन्ला, घरी बस. म्या म्हन्लं, बसते. झालं." तिनं पदर तोंडाला लावला. "धनी गेले तवापून ही जागा हाय मला. घरी बसून काय करू? भिताडाशी बोलू?"

पंचशीला भाषण ठोकायला आली होती. आरोग्य, हक्क, नवा जिल्हा, सगळं तोंडपाठ होतं. पण तिच्या तोंडून निघालं ते भलतंच.

"माझी आई इथंच सरपणाच्या मोळ्या विकायची," ती म्हणाली. "त्या गोदामाच्या मागं. मी सात-आठ वर्षांची असेन. तिला जायचं झालं की मी लुगड्याचा पदर ताणून आडोसा धरायची. माणसं तरी बघायचीच. मी त्यांच्याकडं तोंड करून उभी असायची ना, मला दिसायचं. तिला नाही दिसायचं. मी तिला कधी सांगितलं नाही."

गिऱ्हाईक मेथीचा भाव विचारत होतं, त्याला कुणी उत्तर दिलं नाही. ते वैतागून पुढं गेलं.

पंचशीलानं डोळे पुसले आणि तिच्या डोक्यात एक लबाडी आली.

"बरं, वापरू नका. माझं एक काम करा. दाराला आतून कडी बसवलीय, सुतारानं कालच नवी बसवली. नीट लागते का बघायचंय. मी बाहेरनं ढकलून बघते. तेवढं कराल?"

कामाला नाही म्हणणं भामाबाईला ठाऊक नव्हतं. "हाव, त्येवढं करते की," म्हणत ती उठली. जन्नतबीनं पेटी झाकली आणि मागून निघाली. दोन म्हाताऱ्या कुठं चालल्या म्हणून मिरचीवालीही उठली, आणि मिरचीवाली उठली म्हणून आणखी तिघीचौघी.

भामाबाई आत गेली. दार लागलं. कडी खट्ट वाजली. पंचशीलानं बाहेरून दार ढकललं. हललं नाही.

"लागली, मावशी! या आता."

आतून काही नाही.

बायका उभ्या राहिल्या. गोलाईत ऊन रणरणत होतं, टांग्याचा घोडा फुरफुरत होता, आडत्यांचे लिलाव चालले होते. बराच वेळ गेला. मिरचीवाली म्हणाली, "चक्कर तर न्हाई आली?" पंचशीला दारावर थापा मारू लागली.

"मावशी! कडी अडकली का?"

"न्हाई." आवाज शांत होता. "कडी चांगली हाय."

"मग काय करताय?"

"काई न्हाई. बसलेय."

"बसलेय?"

मग भामाबाई बोलली, पण ती दाराबाहेरच्यांशी बोलत नव्हती, स्वतःशीच बोलावं तसं.

"हितं कुनीच न्हाई गं. समदा बाजार आयकू येऊन राहिला, अन् मला कुनी बघंना. जन्माला आल्यापून आसं कवा झालं न्हाई बग. माहेरी बारा मानसं, सासरी बारा. न्हायला बसलं तरी कुनी हाका मारतंय. दाराला कडी, अन् ती बी आतून. म्या लावलेली." ती जराशी हसली. "लई ग्वाड वाटून राहिलंय. थांबा वाईच."

मिरचीवालीनं तोंडावर हात ठेवला. जन्नतबी, जिच्या तोंडाला कधी कुलूप नसायचं, ती दाराच्या फळीकडं नुसती बघत राहिली. वर्षभर पंचशीलानं अर्जांत किती कारणं लिहिली होती. रोगराई, दुर्गंधी, लोकसंख्या. हे कारण तिच्या एकाही अर्जात नव्हतं. तिला सुचलंच नव्हतं.

आतून पाणी ओतल्याचा आवाज आला. कडी वाजली. भामाबाई बाहेर आली तेव्हा तिचा पदर डोक्यावर नव्हता आणि चेहरा लहान पोरीसारखा उजळला होता. ती तडक आपल्या जागेवर गेली, पाल्यावर शिंपडायचा पाण्याचा डबा उचलून आणला आणि उरलं होतं ते सगळं पाणी पिंपात ओतलं.

"अगं, भाजी सुकंल की!" मिरचीवाली ओरडली.

"सुकू दे. बावीस वर्सं मी सुकले, ती एक दिस सुकू दे." मग तिनं जन्नतबीपुढं हात केला. "तुजी सुरई आन."

जन्नतबीनं सुरई आणली. भामाबाई भर बाजारात, भर दुपारी, घटाघटा पाणी प्यायली. गळ्यावरून ओघळ गेला तो तिनं पुसलाही नाही. सुरई परत देताना म्हणाली, "आज शेवटचा बाजार म्हन्लं होतं ना मी, ते राहू दे. पुडल्या बाजाराला येतेय. तू जा आता. घाई करू नको."

जन्नतबी आत गेली. तीही लवकर बाहेर आली नाही.

बातमी सोळा रस्त्यांनी गेली. केळीवाल्या आल्या, गाडगी विकणाऱ्या आल्या, औशाच्या गाडीची वाट बघणाऱ्या दोन माहेरवाशिणी आल्या. येताना जिच्याकडं जे होतं ते, डबा, तांब्या, किटलीच्या तळाशी उरलेला घोट, ती पिंपात ओतत होती. पिंप रितं होत होतं आणि भरत होतं. पंचशीला वही उघडून बसली होती, पण पेन तसंच राहिलं. अशा जागेवर कुणाचं नाव काय विचारायचं!

पाचच्या सुमारास मोठे साहेब आले. बरोबर पाइपांची मापं घेणारा माणूस होता. साहेब गोलाईच्या कडेलाच थबकले. चाळीसेक बायका एकामागं एक उभ्या होत्या. त्या वर्षी शहरात रांग म्हटलं की घागरी, शिव्या आणि ओढाताण. या रांगेत साधी कुजबुजही नव्हती. एक बाई आत होती, चांगला वेळ झाला होता, आणि दार कुणीही वाजवत नव्हतं. बाजारातले पुरुष, कुणी न सांगता, तिकडं पाठ करून उभे होते. साहेबांनी टोपी काढली, हातात धरली आणि मापवाल्याला मागं जायची खूण केली.

"काय चाललंय हे, सुरवसेबाई?" ते हळू आवाजात म्हणाले. "मी असली रांग कधी बघितली नाही. एकेकीला इतका वेळ का लागतोय आत?"

पंचशीला उत्तर द्यायला गेली आणि थांबली. पंधरा दिवस ती हे दार रोज उघडत होती. फरश्या पुसत होती, पिंप भरत होती, वही सांभाळत होती. आणि संध्याकाळी घाईघाईनं घरी जात होती, तिथं दोन खोल्यांत सात माणसं होती.

"माहीत नाही, साहेब," ती म्हणाली. "मी अजून गेले नाही."

तिनं कोरी वही त्यांच्या हातात दिली आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली.