चौदा पिल्लांचं खोकं

बायकोने हौसेने कोंबडीची चौदा पिल्लं आणली आणि दुसऱ्याच दिवशी अंथरूण धरलं. इस्त्रीवाल्याने तिच्या कपाळाला हात लावून पाहिला.

"ताप नाहीये. दमलीयेस, पड जरा."

"पिल्लांना ऊब लागते हो," ती पुटपुटली. "एक जरी मेलं ना..."

पुढचं बोलायची तिच्यात ताकद नव्हती आणि ऐकायची त्याच्यात हिंमत नव्हती. इस्त्रीवाला कामाला लागला. टीव्हीचं रिकामं खोकं घेतलं, तळाला लाकडाचा भुसा पसरला, वरून शंभर वॅटचा बल्ब सोडला. बल्बखाली तळहात धरून बघितला. कोमट. झकास! स्वतःवरच खूश होऊन तो कपड्यांच्या ढिगाकडे वळला.

तासाभराने तो खोक्यात डोकावला. सगळी पिल्लं लांबच्या कोपऱ्यात एकमेकांवर चढली होती. गारठली बिचारी! त्याने बल्ब वीतभर खाली घेतला. थोड्या वेळाने पाहिलं तर चिवचिव बंद, चोची उघड्या, पंख लोंबलेले. पुन्हा हात धरला. कोमटच! आता बायकोला काय तोंड दाखवू? एवढ्यात एक पिल्लू आडवं झालं.

"अगं पोरी, धाव लवकर!"

लेक धावत आली. तिने बल्बखाली हात घातला आणि झटकन मागे घेतला.

"बाबा! केवढं भाजतंय! पिल्लं काय शिजवायचीत?"

"मला तर कोमट लागतंय गं."

"लागणारच. तीस वर्षं इस्त्री फिरवताय. तुमच्या हाताला निखारासुद्धा कोमटच लागेल."

तिने बल्ब चांगला वर ओढला आणि आडव्या पिल्लाच्या चोचीला ओलं बोट लावलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा त्याने घोट घेतला, मान उचलली. लेकीचा जीव भांड्यात पडला.

"वाचलात! नाहीतर आईने आज तुमची काही खैर ठेवली नसती."

तो हसला नाही. आपल्या जाडजूड तळहाताकडे बघत राहिला. सकाळी हाच हात...

तो आतल्या खोलीत पळाला. बायको भिंतीकडे तोंड करून पडली होती. त्याने हाक मारली. ती हूं की चूं करेना. हात मागे ठेवून तो वाकला आणि तिच्या कपाळाला गाल टेकवला.

गालाला चटका बसला.

"डॉक्टरांना बोलाव!" तो लेकीवर ओरडला. "मी तिला ताप नाही म्हणालो गं!"