गाढविणीला गुळाची चव

मी एक म्हातारी, पाठीला घट्टे पडलेली गाढवीण आहे. वीटभट्टीवर माझी बारा वर्षं गेली. हे सांगताना मी मान खाली घालणार नाही, मित्रांनो. ओझ्याखाली ती पुष्कळ घालून झाली आहे.

कच्च्या विटा वाळल्या की भट्टीपाशी पोचवायच्या, हे माझं काम. दोन फेऱ्यांत वाट पाठ झाली. नंतर मला हाकायला माणूस लागला नाही. कौतुक मात्र झालं मुकादमाचं. "काय तयार केलंय जनावर!" लोक म्हणायचे आणि तो मिशीला पीळ द्यायचा. एखादा मजूर चुकला, की त्याला शिवी माझ्या नावाने! वर हसून म्हणायचे, "गाढवाला गुळाची चव काय?" अहो, गूळ कधी दिलात का, चव विचारायला?

मुकादमाची लेक चिमी शाळेतून आली की माझ्या पाठीवर बसायची. एका दुपारी मुकादमाला फार घाई होती. भट्टीतून उपसलेली राख ज्या खड्ड्यात टाकतात, त्यावरूनच त्याने मला जवळच्या वाटेने हाकलं. राख वरून पांढरी, थंड दिसत होती. मी कडेला खूर टेकवला, धग लागली आणि थांबले. आत निखारे जिवंत होते, आणि माझ्या पाठीवर चिमी होती.

"चल गं!" सपकन फोक बसला. मग दुसरा. मी चारही पाय रोवले.

"बाबा, नको ना मारू! ती घाबरलीय!" चिमी रडू लागली.

"घाबरतेय कसली, माजलीय! अक्कल माणसाला असते, हिला काय कळतंय?" असं म्हणून मला दाखवायला तो स्वतःच पुढे झाला. दुसऱ्याच पावलाला पाय घोट्यापर्यंत आत गेला. मग काय बोंब ठोकली त्याने!

मजुरांनी ओढून काढलं. पाय भाजला, पण वाचला. संध्याकाळी पट्टी बांधून तो सगळ्यांना सांगत बसला, "मला आधीच शंका आली होती. म्हणून तर पोरीला पुढे नेलं नाही."

"खोटं! तू तिला मारत होतास," चिमी म्हणाली. "थांबली ती."

मुकादम पट्टीची गाठ चाचपू लागला.

माणूस स्वतःला श्रेष्ठ का म्हणतो, हे मला तेव्हा कळलं. बोलता फक्त तुम्हाला येतं, म्हणून निकालही तुम्हीच देता. म्हणा बापडे! पण मित्रांनो, एखादं जनावर अडून बसलं, तर फोक उचलण्याआधी खाली वाकून बघा.

दुसऱ्या दिवशी चिमीने खिशातून माझ्यासाठी गुळाचा खडा आणला. त्याची चव मला पहिल्याच चाटण्यात कळली. बारा वर्षं कळली नव्हती, कारण कुणी दिलाच नव्हता.