योगिनीचं पहिलं कोकरू

स्टुलावर दोन जाड टेलिफोन डिरेक्टऱ्या ठेवून सौरभनं योगिनीला वर बसवलं, तेव्हा कुठं तिचे हात कीबोर्डपर्यंत पोचले. बारामतीच्या त्याच्या दुकानात दोन कॉम्प्युटर शेजारीशेजारी चालू होते. एकावर काळा पडदा आणि लुकलुकणारी पांढरी रेघ, म्हणजे डॉस. दुसऱ्यावर रंगीत पडदा आणि छोटी छोटी चित्रं, म्हणजे विंडोज पंच्याण्णव.

“तुमचं मशीन जुनं हाय, सर्जेराव. एकच काय ते ठरवा, मी टाकून देतो,” सौरभ म्हणाला.

सर्जेराव साखर कारखान्यात उसाच्या वजनकाट्यावर कारकून. दोन वर्षं घाम गाळून त्यानं डॉस पाठ केलं होतं, तळहातावर कमांडी लिहून. निमगाव केतकीहून एसटीत बसतानाच त्याचं ठरलं होतं, आणि वाटेत त्यानं योगिनीला ते सांगितलंही होतं: डॉस घ्यायचं, आणि रोज कामावरून आलं की पोरीशेजारी बसून शिकवायचं. विंडोजमधलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. चित्रावर बोट दाबलं की काम होतंय म्हटल्यावर पोरीला बाप कशाला लागेल, ही त्याला खरी धास्ती होती.

तो तोंड उघडणार, तोच चष्म्यासाठी बरोबर आलेली त्याची आई, कुशाबाई, बाकावरून बोलली.

“थांब. पोराचं पयलं कोकरू पोरानंच निवडायचं. थोरांनी तवा गप बसायचं. इसरलास व्हय?”

मेंढरं विकून पंधरा वर्षं झाली होती, पण म्हातारीचे नियम काही कळपाबरोबर गेले नव्हते. सर्जेराव मागं सरकला.

योगिनीनं माउस फिरवला, एक चित्र उघडलं आणि खुदकन हसली. बराच वेळ ती त्यातच रमली. मग तिनं मान वळवून बापाकडे पाहिलं. बापाचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं होतं. तिनं माउस सोडला आणि काळ्या पडद्याकडे बोट केलं.

“हे.”

“का गं?” सौरभनं विचारलं.

“ह्यात आण्णा लागत्यात,” ती बापाकडे बघत म्हणाली.

सात वर्षांचा असताना सर्जेरावानंही असंच बोट केलं होतं. कळपात चांगली गुबगुबीत कोकरं असताना त्यानं लंगडं निवडलं. लंगडं कोकरू त्याच्या वडिलांच्या, आबांच्या खांद्यावर असायचं. ते आपलं झालं, की आबांच्या बरोबरीनं चालायला मिळणार होतं. आबांनी ते ओळखलं असावं, पण ते बोलले नाहीत. त्या वर्षी कळपाबरोबर डाळज गावापर्यंत तो त्यांचं धोतर धरून चालला. तेवढं सुख पुन्हा त्याला कशात मिळालं नाही.

“सौरभराव,” तो म्हणाला, “विंडोज टाका.”

“आरं!” कुशाबाई उसळली. “तुझ्या आबानं तवा तोंड उघडलं व्हतं का?”

“न्हाय, आई. पर ते कोकरू लंगडंच ऱ्हायलं.”

दुसऱ्या दिवशी मशीन घरी येईपर्यंत योगिनी त्याच्याशी बोलली नाही. बटण दाबल्यावर पडदा उजळला, चित्रं आली. तिच्या तोंडावर हसू आलेलं पाहिलं आणि सर्जेराव हळूच दाराकडे निघाला.

“आण्णा, कुठं निघालाय?”

“मला त्यातलं काय येत न्हाय, बाळा.”

“ठावं हाय,” योगिनी म्हणाली आणि स्टुलावर एका कडेला सरकली.