एक वाक्य सरांचं

आमच्या ह्यांना कॉम्प्युटर शिकवला तो मी. माझा टायपिंगचा क्लास होता, त्यामुळे मला त्या यंत्राचं भय नव्हतं. हे मात्र जन्मभर भाषा शिकवून स्वतः विद्यार्थी म्हणून अगदीच ढ निघाले. निवृत्तीनंतर एका संस्थेनं लेखनवर्गाचे निबंध तपासायचं काम देऊ केलं, सगळं ईमेलनं. हे म्हणाले, "पडद्यावर निबंध तपासणं म्हणजे हातमोजे घालून जेवणं." मी म्हटलं, "तुमचं अक्षर लावता लावता पोरांचे डोळे जातात, त्यापेक्षा हातमोजे बरे."

मग शिकवलं. वाक्य निवडायचं, बटण दाबायचं, की समासात चौकट उघडते. तिच्यात शेरा लिहायचा. 'ट्रॅक चेंजेस' चालू ठेवलं की खोडलेलं वाक्य रेघेखाली तसंच दिसतं, नवं वाक्य रंगीत दिसतं, आणि कोणी कधी बदललं तेही कळतं. सुरुवातीला माझ्या नावानं शंभर हाका. पुढे पुढे गडी असा रमला की जेवायला उठवायचं म्हणजे मलाच हाका माराव्या लागत.

ह्यांची एक पद्धत होती. शेऱ्यात 'चूक' हा शब्द कधी लिहायचा नाही, फक्त विचारायचं. विद्यार्थी त्याच चौकटीत खाली उत्तर लिहायचा, हे पुन्हा विचारायचे. असं खोदून खोदून झालं की निबंधातलं एखादं भुसभुशीत वाक्य खोडून त्या जागी आपलं एक घालायचे. एका निबंधात एकच. "ही माझी वर्गणी," म्हणायचे. "बाकीचा खर्च ज्याचा त्यानं करावा."

वर्गात एक नर्स होती. वडील गेल्यावर तिनं त्यांच्यावर निबंध लिहिला होता. हा वर्ग पुरा झाला तर तिला नर्सिंगच्या शाळेत शिकवायची जागा मिळणार होती, म्हणून ड्यूटी सांभाळून लिहायची. ह्यांचा तिच्यावर फार जीव. 'आमची नर्सबाई' म्हणायचे आणि तिचा निबंध मलाही वाचून दाखवायचे.

त्या नर्सबाईचा एक दिवस माझ्या फोनवर फोन आला.

"काकू, सरांना देऊ नका हं फोन. तुमच्याशीच बोलायचंय."

"बोल की."

"सरांनी संस्थेला कळवलंय की मी नक्कल केली. एक वाक्य माझं नाही म्हणून."

"मग? आहे का तुझं?"

"नाही. सरांचं आहे, काकू. त्यांनीच घालून दिलेलं."

मी हसले. खरंच हसले, कारण मला वाटलं काहीतरी गोंधळ झालाय, फाईल इकडची तिकडे झालीय. तिनं तिथल्या तिथे निबंधाच्या दोन्ही फाईली पाठवल्या, आधीची आणि सुधारलेली. पहिल्या फाईलमध्ये तिचं वाक्य होतं, 'बाबा गेल्यावर मला खूप वाईट वाटले.' ह्यांनी शेऱ्यात विचारलं होतं, 'दवाखान्यातून घरी आल्यावर पहिलं काय केलंस?' तिनं खाली लिहिलं होतं, 'त्यांचे बूट दाराबाहेर होते, ते आत घेतले.' मग ह्यांनी तिचं वाक्य खोडून रंगीत अक्षरात घातलं होतं: 'बाबांचे बूट मी आत आणून ठेवले, आणि मग लक्षात आलं की आता ते कोणी बाहेर काढणार नाही.'

दुसऱ्या फाईलमध्ये तेच वाक्य तिनं आपल्या निबंधात ठेवलं होतं. ह्यांनी ते खोडलं होतं. बाजूला शेरा होता: 'हे तुझं नाही. कोणाचं उचललंस?'

एवढे दिवस मी काय काय थट्टेवारी नेलं होतं. हे एकच गोष्ट पुन्हा सांगायला लागले की मी म्हणायचे, तुमची टेप अडकली. शेजाऱ्याला ओळखलं नाही तेव्हा म्हटलं, बरं झालं, नाहीतरी तो बोअर करतो.

"काकू," नर्सबाई म्हणाली, "मी वर्ग सोडते. संस्थेला काही सांगत नाही. पण सरांना डॉक्टरांना दाखवा. मी वॉर्डात असे पेशंट रोज बघते हो, म्हणून सांगतेय."

माझ्या मनात काय आलं ते सांगते. सोडते म्हणतेय तर सोडू दे, असंच आलं. संस्थेला खरं कळलं असतं तर ह्यांचं काम गेलं असतं, आणि त्या कामाशिवाय माणूस सकाळी अंथरुणातून उठला नसता. पण मग त्या पोरीच्या नावापुढे 'नक्कल' लागलं असतं, तेही ह्यांच्या हातून. ह्यांना ते कळलं असतं तर त्यांनीच मला घराबाहेर काढलं असतं.

दुपारी दोन्ही फाईली शेजारी शेजारी उघडल्या आणि ह्यांना बसवलं.

"अहो, हे बघा. वाक्य तुमचं आहे."

ह्यांनी चष्मा सारखा केला. बाण वाक्यावर नेला, तर त्यांचं नाव आणि गेल्या महिन्यातली तारीख आली.

"हे तू मागाहून घातलंस."

"मी?"

"तुला येतात ना सगळ्या खटपटी."

"हो, तुम्हाला खोटं पाडायलाच संसार केला मी इतकी वर्षं!" माझा आवाज चढला. मला रडू येत होतं आणि मी भांडत होते, आमच्या घरात ते असंच चालतं.

ह्यांनी समासातला आपला प्रश्न वाचला, तिचं उत्तर वाचलं, पुन्हा वाक्याशी आले.

"वाक्य चांगलं आहे," हे म्हणाले.

"आहेच."

"माझं आहे?"

"तुमचंच."

"मग मला आठवत कसं नाही गं?"

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"त्या पोरीचं नुकसान होतंय," हे एकदम ताठ बसून म्हणाले. "घे, संस्थेला पत्र लिहून घे."

त्यांनी सांगितलं, मी टाईप केलं. एका दमात सांगितलं, कुठे अडखळले नाहीत. 'सदर वाक्य माझे आहे. विद्यार्थिनीने नक्कल केलेली नाही. ते वाक्य मीच तिला दिले होते, आणि दिल्याचे मला आठवत नाही. यापुढे माझ्याकडे निबंध तपासायला पाठवू नयेत.' खाली नाव.

"एकदा नजर टाकतो," म्हणाले. "तू चहा टाक."

मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून पोटभर रडले. चहा उतू गेला. पुन्हा केला, गाळला, तोंड धुतलं आणि कप घेऊन बाहेर आले. हे खिडकीशी जाऊन बसले होते, चेहरा अगदी निवांत.

"निबंध तपासून ठेवलाय गं," म्हणाले. "कोण आहे हा? बरा लिहितो."

मी पडद्याकडे पाहिलं. 'दिल्याचे मला आठवत नाही' यावर लाल रेघ होती. बाजूच्या चौकटीत शेरा होता: 'हे पटत नाही. इतकं नेटकं लिहिणाऱ्याला आठवत नसेल का?'

मी कप खाली ठेवला. त्या चौकटीत खाली उत्तर लिहिलं, 'नाही आठवत, सर.' ते एकदा वाचलं. मग शेरा आणि उत्तर दोन्ही पुसलं, खोडलेलं वाक्य होतं तसं परत आणलं, आणि पत्र पाठवून दिलं.